टँक

भाषांतराच्या तासाला मी १९०८ सालच्या भंडारा जिल्हा गॅझेटियरमधला एक उतारा दिला होता. गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा झाला. त्यामुळे आमच्या अर्जुनी-मोरगावची जुनी हकिकत त्या इंग्रजी ग्रंथातच शोधावी लागते. एका विद्यार्थ्याने लिहिले होते, ‘कोहळी लोक टाक्या बांधण्यात निष्णात होते.’ वर्ग हसला. मीही हसलो. मग एकाएकी मला हसवेना.

त्या मुलाचे तसे फारसे चुकले नव्हते. टँक हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकाच्या आरंभी गेला तो हिंदुस्थानातूनच. त्याच्या कुळाबद्दल कोशकारांत वाद आहे. पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा ‘टांके’ होता, पाणी अडवणे या अर्थाच्या क्रियापदाशी नाते सांगणारा. आणि गुजराती ‘टांकुं’, आपले ‘टाके’ हेही होतेच. गडांवरची टाकी कातळात कोरलेली, आणि टाकी म्हणजे पाथरवटाची छिन्नीसुद्धा. मला हे देशी कूळ अधिक जवळचे वाटते, पण जवळचे वाटणे हा व्युत्पत्तिशास्त्रातला पुरावा नव्हे. बहुधा दोन्ही शब्द बंदरात भेटले आणि एकमेकांत मिसळले. पुढे साहेबाने हिंदुस्थानातल्या मैलभर पसरलेल्या तलावालाही टँकच म्हटले. नवेगावबांध, ज्याचे श्रेय परंपरा कोलू पाटील कोहळी यांना देते, तोही टँकच. १९१५-१६ मध्ये इंग्लंडात चिलखती युद्धयंत्र गुप्तपणे बनू लागले तेव्हा त्या पाण्याच्या टाक्या आहेत अशी बतावणी करण्यात आली, आणि १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणांगणावर ते यंत्र तेच नाव घेऊन उतरले. पाणी साठवणारा शब्द आग ओकू लागला. वर्गात एवढे सांगून मी नेहमी थांबतो. मुलांना ते आवडते.

त्या दिवशी मात्र मला १९८९ साल आठवले. वडील आणि दोन्ही काका यांच्या वाटण्या व्हायच्या होत्या. आजोबांचे खरेदीखत इंग्रजीत होते आणि घरात इंग्रजी घेऊन बी.ए. करणारा मी एकटा. कागदात धानाच्या बांध्यांनंतर ‘टँकसह’ असे होते. मी ऐटीत लिहिले, ‘टाकीसह’. विहिरीजवळ सिमेंटची टाकी होतीच. ती धाकट्या काकांच्या वाट्याला गेली. खतात नोंदलेली होती ती वरच्या अंगाची बोडी. तिचे नाव कोणाच्याच वाट्याला आले नाही.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, मोठे तलाव सरकारजमा झाले. ‘माजी मालगुजारी’चे आद्याक्षर घेऊन लोक त्यांना मामा तलाव म्हणू लागले. शेतातल्या खासगी बोड्या मालकांकडेच राहिल्या, म्हणजे त्यांचा गाळही मालकांनीच काढायचा. आमच्या बोडीला मालक उरला नाही. प्रत्येकाला वाटे, दुसरा काढील. तीन-चार वर्षांत पाळीला भगदाड पडले. एका पावसाळ्यात पाणी ओसरून गेले, आणि पुढे तिथे नांगर फिरला. परतीच्या पावसाने दगा दिला की खालच्या बांध्या तिच्याच पाण्यावर तगायच्या, हे त्यानंतरच्या पहिल्या कोरड्या आश्विनात सर्वांना उमगले. शब्दाची चूक कोणाच्या ध्यानात आली नाही. मीही ती कधी कबूल केली नाही. काका गेले, आता कोणाजवळ करणार?

तास संपल्यावर तो मुलगा वही घेऊन टेबलाशी आला. मी ‘टाक्या’ खोडले आणि पेन तसेच धरून राहिलो.

“सर, तलाव लिहू का बोड्या?”

“तुमच्या गावी काय म्हणतात?”

“आता तिथं शेत आहे, सर. आजोबा बोडी म्हणत.”