ड्रॉवरमधला बॅज

डोळ्यांचे डॉक्टर तपासता तपासता थांबले. "काम काय करता?"

एक्स-रे काढतो, म्हटलं. सव्वीस वर्षं झाली.

"शुगर? स्टेरॉइडची औषधं?"

दोन्ही नाही. मोतीबिंदू भिंगाच्या मागच्या बाजूला होता. किरणांमुळे होणारा बहुधा तिथूनच सुरू होतो, पण एवढ्यावरून खात्रीनं सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. डोसचे रिपोर्ट घेऊन या. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो.

रिपोर्टची फाईल घरातच होती. आमचा टीएलडी बॅज दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत जातो. आत छोट्या चकत्या असतात. किरण पडले की त्या ऊर्जा साठवतात आणि तापवल्या की उजेड देतात. त्यावरून डोस मोजतात. माझ्या फाईलीत बहुतेक तिमाहींपुढे शून्य होतं, कारण बॅज ड्रॉवरमध्ये असायचा.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात मी रुजू झालो, तेव्हा सीनियरनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं: हरवला तर भरून द्यावा लागतो, आकडा जास्त आला तर चौकशीचं पत्र येतं, ठेवून दे. मी ठेवला. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे, हे मला पाठ होतं. अंतर दुप्पट केलं की डोस चौथ्या हिश्श्यावर येतो, हेही मी परीक्षेत लिहिलं होतं.

एका फोटोचे किरण किरकोळच. पण पहिली काही वर्षं बेरियमच्या तपासण्यांना मी पडद्याजवळ उभा राहत होतो, आणि नंतर ऑपरेशन थिएटरमध्ये सी-आर्म हे एक्स-रे यंत्र आलं. बैलगाडीवरून पडलेला, मोटारसायकलवरून घसरलेला माणूस टेबलावर असे. सर्जन पेडल दाबत, मी यंत्र फिरवी आणि वॉर्डातले मामा पाय ओढून धरत. मामा आणि मी, दोघांत एप्रन एकच. शिशाचा एप्रन टांगून ठेवायचा असतो, घडी पडली की आतून तडकतो. आमचा कायम स्टुलावर गोळा होऊन पडलेला. आणि एप्रन डोळे झाकत नाहीच. आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगानं २०११ साली भिंगासाठीची वार्षिक मर्यादा १५० वरून २० मिलिसिव्हर्टवर आणायला सांगितलं. आमच्या खोलीत त्याची चर्चाही झाली नाही.

पावसाळ्यात छाती भरलेली लेकरं यायची. लेकरू टेबलावर टिकेना, तर आई धरायची. आई पोटुशी असली की मामा. प्रत्येक वेळी एकाच माणसानं धरायचं नसतं. मी मामांना एकदाच म्हटलं, एप्रन घाला.

"मले काय होते भाऊ, उजेडच तं हाय."

मी पुढं काही बोललो नाही. त्या गप्प राहण्याचं मला आजही वाईट वाटतं.

फाईल पाहून डॉक्टरांनी मान हलवली. शून्याच्या आधारावर काय सिद्ध होणार? माझं ऑपरेशन झालं, दिसतं आता चांगलं. मामांच्या नावाचा तर बॅजच नव्हता. त्यांच्यावर किती किरण पडले, याचं खोटं शून्यसुद्धा कुठं लिहिलेलं नाही.

एक्स-रे विभागात काम करणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो, उद्या ड्युटीवर गेलात की आधी ड्रॉवर उघडा. बॅज छातीला लावा, एप्रनच्या आत. आणि पेशंटला धरणाऱ्या मामा-मावशींच्या नावानंही बॅज मागवून घ्या.