विश्वस्तांचा देश

भूतानमधील पारो ते थिंपू हा रस्ता जेमतेम पन्नास किलोमीटरचा. एका बाजूला नदीचा खळखळाट, दुसऱ्या बाजूला पाइन वृक्षांनी झाकलेले डोंगर. गेल्या वर्षी काही ज्येष्ठ मंडळींसोबत या मार्गाने जाताना, इतके अरण्य कसे टिकले, हा प्रश्न मनात येत राहिला.

त्याचे एक उत्तर या देशाच्या राज्यघटनेत आहे. २००८ साली स्वीकारलेल्या या घटनेच्या पाचव्या कलमानुसार देशाची किमान ६० टक्के भूमी सर्वकाळ वनाच्छादित राहिली पाहिजे. आज हे प्रमाण सुमारे ७० टक्के आहे. त्याच कलमात प्रत्येक नागरिकाला निसर्गसंपत्तीचा विश्वस्त म्हटले आहे. विश्वस्त हा मालक नसतो. हाती आलेली ठेव सांभाळून पुढच्याच्या स्वाधीन करणे, एवढेच त्याचे काम.

केवळ कायद्याने सारे साधत नाही, हेही भूतानने अनुभवले आहे. प्लास्टिकच्या पिशव्यांवर तेथे १९९९ मध्येच बंदी आली. परंतु अंमलबजावणी सैल पडली आणि ती बंदी पुन्हा पुन्हा जाहीर करावी लागली. याउलट फोबजिखा खोऱ्याचे उदाहरण पाहावे. तिबेटातून हिवाळ्यात येथे काळ्या मानेचे क्रौंच पक्षी उतरतात. विजेच्या तारांचा त्यांना अडथळा होऊ नये, म्हणून खोऱ्यातील वीजवाहिन्या जमिनीखालून नेल्या आहेत. घरात दिवाही लागला आणि पाहुण्यांचे आकाशही मोकळे राहिले.

आपल्यासारख्या प्रवाशांकडूनही दर मुक्कामामागे शाश्वत विकास शुल्क घेतले जाते; भारतीयांसाठी ते १,२०० रुपये आहे. आमच्यातील काहींना प्रथम ते जड वाटले. परंतु निसर्ग फुकट मिळतो, हा समज या शुल्काने थोडा तरी हलतो.

येथे जाऊ इच्छिणाऱ्या ज्येष्ठांना वैद्य या नात्याने दोन शब्द. पारो सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे, तर तक्‌त्संग मठ ३,००० मीटरहून अधिक. हृदयविकार, दमा किंवा रक्तक्षय असल्यास निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा आणि मठाची चढण शेवटच्या दिवसांत घ्यावी. छातीत दुखल्यास किंवा बसल्या जागी धाप लागल्यास ‘वय झाले’ म्हणून दुर्लक्ष करू नये. थंडीत घरोघरी लाकडांवर चालणारी बुखारी पेटते. तिच्या धुरापासून दमेकऱ्यांनी दूर बसावे. हिरव्या देशातही बंद खोलीतला धूर हा धूरच असतो.

विश्वस्तपण आपल्यालाही परके नाही. भारतीय राज्यघटनेच्या ५१-अ कलमाने पर्यावरणाचे रक्षण हे आपले मूलभूत कर्तव्य मानले आहे. ते पाळण्यासाठी डोंगर चढावे लागत नाहीत. नवे औषध सुरू होताना, ते आपल्याला मानवेल की नाही हे कळेपर्यंत, मोजक्याच गोळ्या घ्याव्यात. मुदत संपलेली औषधे बेसिनमध्ये किंवा शौचकूपात टाकू नयेत. ती वेगळी ठेवून घातक कचरा म्हणून द्यावीत. इन्सुलिनच्या सुया जाड, झाकणाच्या डब्यात साठवाव्यात. उघडी सुई कचरा वेचणाऱ्याच्या हाताला टोचते आणि तिच्यातून कावीळीसारखा आजारही जाऊ शकतो. वापरलेले डायपर कागदात गुंडाळून, खूण करून स्वतंत्र द्यावेत.

मात्र एक गोष्ट शुश्रूषा करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. कचरा कमी व्हावा म्हणून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचा डायपर बदलण्यात काटकसर करू नये. ओलसर त्वचेवर जखमा लवकर होतात. शक्य असेल तेथे दिवसा धुतलेल्या सुती कापडाचा वापर करावा, रात्री डायपर. दोन्ही वेळा कोरडेपणा महत्त्वाचा.

ज्या पिढीने कापडी पिशवी, दुरुस्त केलेली छत्री आणि उलटून शिवलेली कॉलर वापरली, तिला हे नव्याने शिकवण्याची गरज नाही. नातवंडांसमोर ते पुन्हा करून दाखवावे, इतकेच. घरातल्या वडीलधाऱ्यांना करताना पाहिलेली गोष्ट मुले कायद्याहून अधिक काळ लक्षात ठेवतात.