एका ताटात जेवलेली आजी

सातारा

चि. मृणाल,

'लव्ह'च्या उलट 'हेट'शिवाय दुसरं काय, असं तुझ्या वर्गातल्या पोरांनी विचारलं आणि तू ते माझ्यावर ढकललंस. 'लोद', 'डिटेस्ट', 'डिस्पाइज' तुला ठाऊकच आहेत. पण ते सगळे रागाचे प्रकार, आणि इतका राग धरायला माणूस आपलं लागतं.

आपली भाऊबंदकीच बघ. नांगरताना बांध कोरला म्हणून सख्खे भाऊ जन्मभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवतील, एकमेकांच्या दारचं पाणी पिणार नाहीत. पण सुतक दोन्ही घरांत पाळलं जातं. तुमचं सांगली संस्थानही भांडणातूनच निघालं की! चुलत्याशी बिनसलं म्हणून 1801 मध्ये चिंतामणराव पटवर्धन मिरजेतून वेगळे झाले. याला मी प्रेमाचं उलट म्हणणार नाही.

ते बघायचं तर साताऱ्याला ये. छत्रपती शाहू महाराजांना वारस नव्हता, तेव्हा त्यांच्या चुलती ताराबाईंनी आपला नातू म्हणून रामराजाला पुढं केलं. कुणाला शंका नको म्हणून जातभाईंसमक्ष अन्नाची शपथ घेऊन त्या त्याच्यासोबत एका ताटात जेवल्या, असं ग्रँट डफनं लिहून ठेवलंय. (हा साहेब पुढं इथंच रेसिडेंट होता.) 1750 च्या जानेवारीत पोरगा गादीवर बसला. पेशव्याला काढायचं आजीचं म्हणणं त्यानं मानलं नाही, तेव्हा नोव्हेंबरात तिनं त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं. इथवर रागच म्हणू. पण 1752 मध्ये जेजुरीला खंडोबापुढं त्यांनी पुन्हा शपथ घेतली, ती उलटी: हा माझा नातू नव्हेच, तोतया आहे!

पंचविशीत औरंगजेबाशी झुंज घेणाऱ्या या बाईचं मला फार कौतुक, म्हणून हे जास्त खुपतं. तसं 1707 मध्ये मोगलांकडून सुटून आलेल्या शाहूंनाही त्यांनी तोतयाच ठरवलं होतं. पण तो गादीचा डाव होता. शाहूंना त्यांनी कधी आपल्या ताटात जेवू घातलं नव्हतं. किल्ल्यातल्या कैद्याला निदान आजी होती. जेजुरीनंतर तीही उरली नाही.

पोरांना 'डिसओन' हा शब्द दे. आणि रामराजाचं पुढं काय झालं असं ती विचारतीलच, तर सांग की आजीनं नाकारलं तरी पेशव्यांनी छत्रपती त्यालाच ठेवलं, 1777 मध्ये तो वारला तोपर्यंत.

तुझी,
आत्या