नाक किती उचलायचं?

वाराणसी सोडून दक्षिणेला निघालं की गंगाकाठची सपाटी संपून विंध्याचा खडक सुरू होतो. एका अंगाला चंदौलीतलं नौगढचं जंगल, राजदरी-देवदरीचे धबधबे; दुसऱ्या अंगाला सोनभद्रातला मारकुंडी घाट. या वाटांच्या ओढीने हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारखा पिकअप घेतलेला मालक आधी मोठे टायर बसवतो आणि मग गॅरेजात येऊन म्हणतो, "भैया, ज़रा नाक उठा दीजिए."

जाणता मिस्त्री तेव्हा पान्याला हात लावत नाही. तो टेप काढतो.

गाडी सपाट फरशीवर, टाकी अर्धी भरलेली, चारही चाकांत हवा नेमकी. माप घ्यायचं ते हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, जमिनीपासून नव्हे. चारही टायर मोठे केले की गाडी पुढून-मागून सारखीच उचलली जाते. नाकाचा उतार होता तेवढाच राहतो. नाक खाली दिसतं म्हणून टायरला दोष देणाऱ्या मालकाला पुढचं आणि मागचं माप दाखवलं की निम्मा वाद तिथेच मिटतो.

हायलक्सचा मूळ टायर २६५/६० आर १८, व्यास साधारण ७७५ मिलिमीटर. त्याजागी २७५/६५ आर १८ आला तर व्यास ८१५ च्या घरात जातो. वाढ ४० ची, पण गाडी उचलली जाते निम्मीच. उरलेले २० मिलिमीटर मडगार्डची पोकळी खातात आणि स्टिअरिंग पुरतं वळवलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासू लागतो. शिवाय वेगाचा काटा मूळचा अचूक असला, तर तो ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ ने पळत असते.

आता शॉकअप. लेव्हलिंगच्या, म्हणजे नाक उचलून गाडी सरळ करणाऱ्या, शॉकअपच्या नळीवर खाचा कोरलेल्या असतात. कडी वरच्या खाचेत बसवली की स्प्रिंगची बैठक वर सरकते आणि नाक उचललं जातं. शॉकअप खालच्या आर्मच्या मधोमध धरलेला असल्याने बैठक १० मिलिमीटर सरकली तर नाक जवळपास दुप्पट वर येतं. शॉकअपची एकूण लांबी मात्र तीच राहते. म्हणजे खड्ड्यात खाली उतरायला चाकाकडे उरलेली जागा कमी होते. सगळ्यात वरची खाच निवडणाऱ्याला प्रत्येक खड्ड्यात धाडकन ठोका ऐकू येतो आणि फोर-बाय-फोरमध्ये पुढच्या अ‍ॅक्सलचे सांधे तिरके होऊन रबरी बूट लवकर फाटतात. म्हणून घासणं थांबेल तेवढंच उचलावं, एक मिलिमीटरही जास्त नाही.

उंचीपेक्षा महत्त्वाचं आहे ते जड चाक सावरणं. मोठा टायर वजनाने जास्त; तो उसळला की जुना मऊ शॉकअप त्याला आवरू शकत नाही. म्हणून पुढची जोडी बदलताना पाट्यांजवळची मागची जोडीही बदलावी. मे-जूनमध्ये वाराणसीचा पारा ४५ अंशांकडे सरकतो. अशा उन्हात खडकाळ वाटेवर सतत काम करणाऱ्या दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये तेल आणि वायू एकमेकांत मिसळून फेस होतो, पकड ढिली पडते. फ्रेंच अभियंता द कार्बों यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला घडवलेल्या एकनळी रचनेत तरंगता पिस्टन या दोघांना वेगळं ठेवतो. इथल्या वाटांसाठी तीच घ्यावी, पैसे थोडे जास्त गेले तरी.

राजातालाबच्या बाजारात भाजी वाहणाऱ्या पिकअपचं नाक मात्र कुणी उचलू नये. पिकअपची मागची बाजू मुद्दाम उंच ठेवलेली असते. हौद्यात माल पडला की पाटे दबतात आणि गाडी सरळ होते. रिकामी असताना सरळ केलेली गाडी मालाखाली मागे बसते, दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो, पुढच्या चाकांवरचा भार हलका होऊन स्टिअरिंग सैल वाटतं.

मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलमही ध्यानात असू द्या. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल त्याला मान्य नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. तेव्हा टायर विकत घेण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या, हबपासूनची चारही मापं कागदावर लिहून ठेवा, आणि काम झाल्यावर अलाइनमेंट व दिव्यांचा झोत तपासल्याशिवाय घाटात उतरू नका.