सतरा रीटेक

हेमा समितीच्या अहवालाची सुरुवात आकाशापासून होते. चांदण्या लुकलुकतात, चंद्र सुंदर दिसतो, पण विज्ञान सांगतं की तसं काही नसतं. तेव्हा दिसतं त्यावर विश्वास ठेवू नका, मीठसुद्धा साखरेसारखंच दिसतं, अशा अर्थाचं काहीतरी. सरकारी अहवाल असे सुरू होत नाहीत. मला वाटलं, चुकीची पीडीएफ उघडली.

१९ ऑगस्ट २०२४ ला केरळ सरकारनं तो जाहीर केला. मी तेव्हा बंगलोरला एका त्रिशूरच्या मुलीबरोबर फ्लॅट शेअर करत होते. त्याच्या तीनच दिवस आधी राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले होते आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला होता 'आट्टम', मल्याळम. एका नाटकमंडळीत बारा पुरुष आणि एक अभिनेत्री. एका रात्री खिडकीतून कुणीतरी तिच्या अंगावर हात टाकतं, आणि मग बारा जण बसून ठरवतात की तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही. सुरुवातीला सगळे संतापलेले असतात. मग परदेश दौऱ्याची शक्यता समोर येते, ज्याच्यावर संशय आहे त्याच्यामुळे मिळणाऱ्या दौऱ्याची, आणि एकेकाला एकेक शंका सुचायला लागते. त्यातला एकही जण राक्षस नाही. एकाला घराचे हप्ते आहेत, एकाला कधी विमानात बसायला मिळालेलं नाही.

लॉकडाउनमध्ये आमच्या पिढीतल्या पुष्कळ मराठी लोकांना मल्याळम सिनेमाचं वेड लागलं, त्यांतलीच मी एक. 'कुंबलंगी नाइट्स', 'द ग्रेट इंडियन किचन'. सबटायटल वाचत बघायचे आणि मग मराठी सिनेमाच्या नावानं बोटं मोडायची, हा आमचा शनिवार-रविवारचा धंदा. मुंबईतल्या हिंदीवाल्यांबद्दल कुणाचाच भ्रम नव्हता. पण एवढे शहाणे, वाचलेले, स्वयंपाकघरातलं खरकटं पाणी पडद्यावर दाखवू शकणारे लोक आपापसांत तरी बरे वागत असतील, असं आम्ही गृहीत धरलं होतं. माझी रूममेट हसायची. "तू सिनेमा बघतेस, मी बातम्या बघते," म्हणायची.

तिच्या बातम्या सुरू होतात १७ फेब्रुवारी २०१७ च्या रात्री. त्रिशूरहून कोचीला निघालेल्या एका नावाजलेल्या अभिनेत्रीच्या गाडीत माणसं घुसली, चालत्या गाडीत तिच्यावर लैंगिक अत्याचार केला, त्याचं चित्रीकरण केलं. तिनं त्याच रात्री तक्रार केली. जुलैमध्ये कट रचल्याच्या आरोपाखाली दिलीप या मोठ्या नटाला अटक झाली. त्याआधी, जूनमध्ये, कलाकारांच्या संघटनेची सर्वसाधारण सभा झाली होती आणि तिचा सूर होता की दोघंही आपलेच सदस्य. संघटनेच्या नावाची आद्याक्षरं जोडली की 'अम्मा' होतं, म्हणजे आई. आईला दोन्ही लेकरं सारखीच, हा युक्तिवाद त्या नावातच तयार होता. (पुढे विरोधातल्या बायका मुद्दाम अक्षरांमध्ये टिंबं देऊन ते नाव लिहू लागल्या. मला ही टिंबं फार आवडतात.) अटकेनंतर दिलीप यांना काढलं, आणि जून २०१८ मध्ये परत घ्यायचं ठरवलं. तेव्हा त्या अभिनेत्रीसह चौघींनी राजीनामे दिले.

मधल्या काळात काही जणींनी 'विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह' काढली, मुख्यमंत्र्यांना निवेदन दिलं, आणि जुलै २०१७ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती के. हेमा, अभिनेत्री शारदा आणि निवृत्त सनदी अधिकारी के. बी. वत्सलाकुमारी यांची समिती नेमली गेली. अहवाल सरकारच्या हाती आला २०१९ च्या शेवटच्या दिवशी. आणि साडेचार वर्षं तिथेच राहिला. माहिती अधिकाराच्या अर्जांनी, माहिती आयोगाच्या आदेशानं, कोर्टकचेऱ्या होऊन तो बाहेर आला, तोही साठेक पानं गाळून. मी व्यवसायानं अशी माणूस आहे की फाइल उघडली की आधी काय नाहीये ते बघते. इथे परिच्छेदांचे क्रमांक मध्येच उडी मारतात. गोपनीयतेसाठी न्यायमूर्तींनी लघुलेखक ठेवला नाही, मजकूर स्वतः टाइप केला. सत्तरीकडे आलेली बाई दोन बोटांनी हे सगळं टंकत बसली असेल, हे चित्र (दोन बोटं माझी, कल्पनेतली) माझ्या डोक्यातून जात नाही.

अहवालात कुणाचंही नाव नाही. त्यामुळे ज्यांना चटकदार वाचायचं होतं त्यांची निराशा झाली. दारावर रात्री पडणाऱ्या थापा आहेत, 'अॅडजस्टमेंट' आणि 'कॉम्प्रमाइज' हे दोन शब्द आहेत, जे तिथे नव्या मुलीला कामाच्या आधी शिकवले जातात. पण सगळ्यात जास्त जागा ज्या गोष्टींनी घेतली आहे, त्या बातमीत येत नाहीत. सेटवर संडास नाही. बाहेरच्या चित्रीकरणात बायका तासन्‌तास पाणी पीत नाहीत, लघवी दाबून ठेवतात, त्यातून इन्फेक्शन होतात. लेखी करार नाही, म्हणजे ठरलेले पैसे कमी मिळाले तर दाखवायला कागद नाही, आणि भूमिकेत काय काय करावं लागणार हेही लिहिलेलं नाही. ज्युनिअर आर्टिस्टना तर कलाकारच समजत नाहीत. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत उभं ठेवायचं, मधला एजंट त्यांच्या पैशातून आपला हिस्सा काढणार.

आणि एक प्रसंग. एका अभिनेत्रीला आदल्या दिवशी ज्यानं त्रास दिला, त्याचीच बायको म्हणून दुसऱ्या दिवशी उभं राहायचं होतं, मिठी मारायची होती. तिच्या चेहऱ्यावरचं काही जाईना. एका शॉटला सतरा रीटेक झाले. दिग्दर्शकानं तिला झापलं.

मी या वाक्यांपाशी बराच वेळ थांबले. कारण त्रास देणारा एक, पण सतरा वेळा 'अॅक्शन' म्हणणारा दुसरा आहे. फोकस धरणारा तिसरा. लाइटवाले, ध्वनिवाले, मेकअप पुसून परत लावणारी बाई, चहा फिरवणारा मुलगा. सेटवर पन्नास-साठ माणसं तरी सहज असतात. सतरा टेक म्हणजे तास-दोन तासांचा मामला. त्यात कुणालाच काही कळलं नसेल? सेटवर कोण कुणाशी बोलत नाही हे जेवणाच्या सुट्टीआधी सगळ्यांना माहीत असतं, असं रूममेटची मावसबहीण सांगते. ती कोचीत वेशभूषा विभागात साहाय्यक आहे. अळीमिळी गुपचिळी. फक्त त्या खेळात जो बोलेल त्याला शिक्षा असते, आणि इथेही तेच.

ती शिक्षा कशी देतात, ते माझ्यासारखीला समजून घ्यायला वेळ लागला. आमच्याकडे नोकरीवरून काढलं तर मेल येतो, बॅज बंद होतो. काहीतरी लॉग राहतो. सिनेमात कुणी कुणाला काढतच नाही. फोन येत नाही, एवढंच. एक सिनेमा म्हणजे साठ-सत्तर दिवसांची कंपनी, ती मोडते, पुढची उभी राहते, आणि माणसं घेतली जातात ती तोंडी. "ती जरा त्रासदायक आहे" एवढं एक वाक्य प्रॉडक्शन कंट्रोलरच्या कानात गेलं की झालं. अहवाल दहा-पंधरा पुरुषांच्या एका गटाबद्दल बोलतो, जो हे ठरवतो. असा काही गट नसतोच, असं त्यानंतर बड्या मंडळींनी सांगितलं. पण अलिखित बंदी ही काही बायकांची कल्पना नव्हे. विनयन नावाच्या दिग्दर्शकावर असाच बहिष्कार पडला, तो स्पर्धा आयोगापर्यंत गेला, आणि २०१७ मध्ये आयोगानं कलाकारांच्या आणि तंत्रज्ञांच्या संघटनांना दंड केला. कलाकारांच्या संघटनेचा दंड होता सुमारे चार लाख. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयातही ते टिकलं. म्हणजे फोन बंद करण्याची यंत्रणा असते हे कागदोपत्री सिद्ध आहे. ते सिद्ध करायला एका पुरुष दिग्दर्शकाची बाजारपेठ बुडावी लागली.

मग अंतर्गत तक्रार समितीचं काय? २०१३ चा कायदा आहे. आम्ही दर वर्षी त्याचा व्हिडिओ दुप्पट वेगानं बघतो आणि शेवटची दहा प्रश्नांची परीक्षा पास होतो. माझ्या एका जुन्या कंपनीत टीममधल्या एकीनं तक्रार केली तेव्हा समितीनं चौकशी ठीकच केली, पण दरम्यान तिचं प्रोजेक्ट बदललं, त्याचं नाही. तरी निदान समिती होती, तिला खोली होती, दार होतं. केरळ उच्च न्यायालयानं मार्च २०२२ मध्ये सांगितलं की प्रत्येक चित्रपटाच्या युनिटला अशी समिती लागेल. ते आवश्यकच होतं. पण सत्तर दिवसांच्या कंपनीत निर्माता समिती नेमणार, तीत त्याच्याच युनिटची माणसं असणार, त्यांनाही पुढचा सिनेमा हवा असणार. हेमा समितीनं म्हणूनच या समित्यांवर भरवसा ठेवला नाही, स्वतंत्र न्यायाधिकरण मागितलं. मला ती मागणी अहवालातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं गेलं.

आपल्याकडचं बोलायचं तर २०१८ आठवतं. तनुश्री दत्तानं नाना पाटेकरांवर २००८ च्या एका सेटवरच्या वर्तनाचा आरोप केला. त्यांनी तो नाकारला. २०१९ मध्ये पोलिसांनी पुरावा नसल्याचा अहवाल दिला. खरं-खोटं मी सांगू शकत नाही. पण आमच्या घरच्या ग्रुपवर दिवसभर एकच प्रश्न फिरत होता : दहा वर्षं गप्प का बसली? ती गप्प बसली नव्हती. तिनं २००८ मध्येच कलाकारांच्या संघटनेकडे तक्रार दिली होती, आणि २०१८ मध्ये त्या संघटनेनंच मान्य केलं की मूळ तक्रारीकडे तेव्हा लक्षच दिलं गेलं नाही. ही दुरुस्ती मी ग्रुपवर टाकली. काकांनी 'सुप्रभात'चं फूल टाकलं.

आणि बोलायचंच म्हटलं तर हंसा वाडकरांनी 'सांगत्ये ऐका'मध्ये १९७० सालीच सांगितलेलं होतं. त्यावर 'भूमिका' निघाला, पुरस्कार मिळाले, आपण अभिमानानं नाव घेतो. ऐकलं किती ते वेगळं.

ऑगस्ट २०२४ च्या त्या आठवड्यात धडाधड राजीनामे पडले. चित्रपट अकादमीचे अध्यक्ष रंजित गेले, 'अम्मा'चे सरचिटणीस सिद्दिक गेले, २७ तारखेला मोहनलाल यांच्यासह पूर्ण कार्यकारिणी गेली. रूममेट फोनवर आईला मोठमोठ्यानं सांगत होती, आणि आई, मला मल्याळम न येताही कळलं, दर दोन वाक्यांनी मावसबहिणीबद्दल विचारत होती. विशेष तपास पथक नेमलं गेलं. पण समितीपुढच्या साक्षींवरून जे तीसहून अधिक गुन्हे नोंदवले गेले, ते २०२५ च्या मध्यावर बंद करायची वेळ आली, कारण जबाब द्यायला कुणी पुढे येईना. काही जणींचं म्हणणं होतं की आम्ही अभ्यासासाठी बोललो, पोलिसांसाठी नाही. 'आता का माघार घेता' असं त्यांना विचारणारे लोक आणि 'आधी गप्प का होता' असं विचारणारे लोक बहुतेक तेच आहेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये श्वेता मेनन 'अम्मा'च्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. ८ डिसेंबरला २०१७ च्या खटल्याचा निकाल लागला : सहा जण दोषी, दिलीप निर्दोष.

मावसबहीण अजून काम करते. अहवालात एक निरीक्षण आहे की बायका सेटवर आई किंवा दुसरं कुणी जवळचं माणूस बरोबर घेऊन जातात, दुसऱ्या कुठल्या नोकरीत असं दिसत नाही. तिची आई पहिली दोन वर्षं जायची. झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत, थर्मास आणि वर्तमानपत्र घेऊन. आता गुडघे दुखतात म्हणून बंद केलंय. गेल्या सिनेमाच्या वेळी मुलीनं पहिल्यांदा लेखी करार मागितला, दोन पानी मिळाला, आणि तिनं तो तपासायला मला पाठवला. मला करारातलं काय कळतंय, पण आमच्या घरात कागद वाचणारी मीच. पैसे, तारखा, प्रवास, नाव कुठे येणार, सगळं होतं. संडासाचं लिहून घे, असं मी कळवलं. तिचं उत्तर आलं की ते तोंडी ठरलंय.