मांडी आणि पोटरी

मी मूळचा यंत्र अभियंता. हाडांकडे वळलो तेव्हा पायाचं गणित सोपं वाटलं: मांडी एक काडी, पोटरी दुसरी, मधला गुडघा म्हणजे बिजागरी. चालण्यासाठी हे गणित बरं चालतं. बर्लिनमध्ये संवेदक बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यांनी चालताना शरीरवजनाच्या साधारण अडीच पट भार नोंदवला, माझं उत्तरही त्याच्या आसपास आलं आणि मी शेफारलो.

मग उकिडवं बसण्याचं गणित केलं. आकडे भलतेच फुगले. गुडघा जितका वाकतो तितका मांडीच्या स्नायूला जोर जास्त लावावा लागतो, आणि तो सगळा जोर सांध्यावर येतो, असं माझं समीकरण सांगत होतं. मी व्याख्यानांतून, एका वर्तमानपत्रातल्या मुलाखतीतूनही ठोकून दिलं की आपली बैठक ही गुडघ्यांची वैरीण. भातलावणी करणाऱ्या, चुलीपुढे बसणाऱ्या बायकांनी काय करावं, हे मात्र कधी सांगितलं नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, “सर, पूर्ण बसल्यावर मांडी पोटरीवर टेकते ना? तो भार गणितात कुठे आहे?” मी म्हणालो, मऊ मांस आहे, नगण्य. मोजलं नव्हतं. सगळ्यांच्या घरात दिसणारी गोष्ट मला दिसली नाही, कारण काड्यांना मांस नसतं. तिने तो विषय सोडून दिला.

2007 मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी मांडी आणि पोटरीच्या मध्ये दाबमापक पट्टी ठेवून हे मोजलं. खोल बैठकीत एका पायावर हा दाब शरीरवजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास भरला. पोटरी मांडीला खालून आधार देते, त्यामुळे स्नायूला तितका जोर लावावा लागत नाही आणि सांध्यावरचा भार उतरतो. याचा अर्थ उकिडवं बसणं सर्वांना निर्धोक, असा मुळीच नाही. दुखऱ्या गुडघ्याची गोष्ट वेगळी. पण माझे आकडे चुकले होते.

आणखी एक कबुली. पायाच्या भागांची वजनं मी डेम्पस्टरच्या 1955 च्या कोष्टकातून उचलत असे. ती आठ अमेरिकन पुरुषांच्या शवांवरून काढलेली. चालण्याच्या गणितात त्याने फारसं बिघडत नाही, पण ते तपासून पाहण्याची तसदी मी घेतली नव्हती.

संशोधनपत्रिकेला दुरुस्ती पाठवली, ती छापूनही आली. वर्तमानपत्राला पाठवली नाही. व्याप होता असं मी सांगत आलो. खरं म्हणजे लाज वाटली. त्या विद्यार्थिनीला फोन केला तेव्हा ती म्हणाली, “मला आठवतसुद्धा नाही, सर.” माझा त्यावर विश्वास बसला नाही.