बायोडेटातला बुध्या

‘स्वतःबद्दल थोडं सांगा.’

तुम्ही-आम्ही नोकरीवाल्यांनी हा प्रश्न आयुष्यात किती वेळा ऐकलाय? मी तर तो रोज विचारते. पुण्यातल्या एका आयटी कंपनीत एचआरला आहे, चौदा वर्षं झाली. सीव्ही हातात आला की पहिल्या अर्ध्या मिनिटात माणूस कळतो, असा माझा फंडा होता. ‘होता’ म्हणतेय, कारण एका मुलाने तो पार मोडीत काढला. हा मुलगा काठीचा.

काठी कुठे? नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून मोलगीकडे गेलं की हे गाव येतं. एकेकाळी हे छोटंसं संस्थान होतं. तिथली राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. ही परंपरा १२४६ सालापासूनची, असं गावात सांगतात. तीन वर्षांपूर्वी ट्रेकच्या ग्रुपबरोबर मी ती पाहायला गेले. रात्रभर डोंगरातून ढोल येत राहतात, हजारो माणसं जमतात. साधारण सत्तर फुटी बांबू उभा करतात, त्यासाठीचा खड्डा हातांनीच खणतात. आणि होळी पेटते ती पहाटे, उजाडायच्या बेताला!

त्या गर्दीत मला बुध्या दिसले. अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला सुकवलेले भोपळे आणि घुंगरू. रात्रभर नाचूनही एकाचा ठेका चुकत नव्हता. सकाळी त्यांच्यातल्याच एका मुलाशी ओळख झाली. नंदुरबारला बीएच्या शेवटच्या वर्षाला होता. मी सवयीने हात पुढे केला. तो दोन पावलं मागे सरला आणि लांबूनच हात जोडून हसला. लाजाळू आहे, असं वाटलं मला. (हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे!)

महिन्याभराने त्याचा फोन आला. ‘ताई, तुम्ही नोकरीला माणसं घेता ना? मला बायोडेटा करून द्याल? मला नाटक शिकायचंय.’

एका नाट्यप्रशिक्षण संस्थेत दोन वर्षांच्या कोर्सचा फॉर्म तो भरत होता. आधी अर्ज, मग ऑडिशन आणि शेवटी मुलाखत. मी म्हटलं, हे तर आपलं रोजचंच काम! ‘तू काय काय केलंयस ते लिहून पाठव.’

त्याने पाठवलं. दहावी, बारावी, बीए चालू. विद्यापीठाच्या ‘युवारंग’ महोत्सवात दोन वर्षं एकांकिका आणि लोकनृत्य. भाषा : मराठी, हिंदी. छंद : क्रिकेट. संपलं.

‘आणि होळीतलं?’

‘ते कशाला, ताई? त्याचं सर्टिफिकेट कुठे आहे?’

‘ढोल वाजवतोस, पावरी वाजवतोस, ते?’

‘ते तर सगळेच वाजवतात.’

‘घरी कोणती भाषा बोलता?’

‘आमची भिली बोली. पण ती काय लिहायची भाषा आहे का, ताई?’

मी कामाला लागले. दोन रात्री जागून झकास सीव्ही केला. वरती ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’, खाली ‘टीम प्लेअर’, ‘लीडरशिप क्वालिटी’. आणि मधोमध ठळक अक्षरात ‘लीड परफॉर्मर, काठी होळी फेस्टिव्हल’. मग फोनवरच मुलाखतीची प्रॅक्टिस. खुर्चीत असं बस, डोळ्यांत बघून बोल, हात घट्ट मिळव. आणि आमचा लाडका प्रश्न : ‘पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे पाहतोस?’

तो जरा थांबला. म्हणाला, ‘काठीलाच. होळी असेल ना.’

मी खो-खो हसले. त्याला एक छापील उत्तर पाठ करायला लावलं.

पुढे काय झालं असेल, ते तुम्ही ओळखलं असेलच. ऑडिशन बरी झाली, पण मुलाखतीत तो गडबडला. कुणीतरी विचारलं, टीम प्लेअर म्हणजे नेमकं काय? त्याला सांगता येईना. लीड परफॉर्मर म्हणजे? तेही नाही. यादीत नाव आलं नाही. फोनवर एवढंच म्हणाला, ‘ताई, कागदावरचा तो मुलगा चांगला होता. पण तो मी नव्हतो.’

पुढे काही दिवस ऑफिसात कुणाचाही सीव्ही उघडला की मला हे वाक्य आठवायचं.

दिवाळीत तो पुण्याला आला, मित्राच्या खोलीवर उतरला होता. पुन्हा प्रयत्न करायचा की गावाकडे काही काम बघायचं, ते ठरत नव्हतं. घरचे म्हणत होते, अशा ठिकाणी आपल्यातलं कोण जातं? मी त्याला वामन केंद्रे यांच्याबद्दल सांगितलं. बीड जिल्ह्यातल्या दरडवाडीसारख्या छोट्या गावचा मुलगा, वडील भारूड करणारे. तो दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकला, २००३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नाट्य अकादमीचा पहिला संचालक झाला आणि २०१३ मध्ये त्याच दिल्लीच्या विद्यालयाचा संचालक! तो नुसता ऐकत होता. मग म्हणाला, ‘भारूड त्यांनी फॉर्मवर लिहिलं असेल का हो?’

मला उत्तर माहीत नव्हतं. पण प्रश्न बरोबर होता.

माझी एक मैत्रीण पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटक शिकलेली आहे. त्याला तिच्याकडे घेऊन गेले. तिने माझा झकास सीव्ही वाचला आणि सरळ बाजूला ठेवला. ‘हा कॉल सेंटरसाठी आहे,’ म्हणाली. नाटकवाल्यांना काय बघायचं असतं, ते तिने सांगितलं. एकच पान. मेकअप आणि फिल्टर नसलेला एक साधा फोटो. उंची. येणाऱ्या सगळ्या भाषा आणि बोली, घरची सगळ्यात आधी. वाद्यं. मग कामांचा तक्ता : साल, नाटक, भूमिका, दिग्दर्शक, कुठे झालं. विशेषणं शून्य. आणि पुरावा म्हणून हँडबिल, प्रमाणपत्र, पेपरचं कात्रण, जे असेल ते.

‘होळीचं हँडबिल नसतं,’ तो म्हणाला.

‘पण होळी असते ना? मग लिही. लोककलेचाही अनुभव विचारतात. संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती असते, १८ ते २५ वयाच्या मुलांना, त्यातही लोककला आणि पारंपरिक कला आहेत.’

इथे मला वाटलं, प्रश्न सुटला. पण तो गप्पच. बऱ्याच वेळाने म्हणाला, ‘ताई, ते लीड परफॉर्मर काढाच. तो परफॉर्मन्स नाही. नवस असतो. तेवढे दिवस आम्ही खाटेवर झोपत नाही, चप्पल घालत नाही, बाईच्या हातचं खात नाही, बाईला शिवत नाही. मामा म्हणतो, देवाचं आहे ते, कागदावर टाकून नोकरी मागू नको.’

तेव्हा माझी ट्यूब पेटली. त्या सकाळचा तो लाजाळू नमस्कार! आणि ह्याच मुलाला मी फोनवरून हात घट्ट मिळवायला शिकवत होते.

नवस विकायचा नाही, हे त्याचं म्हणणं मला पटलं. पण मग लिहायचंच नाही का? त्याच्या अंगात जे काही आहे, त्यातलं निम्मं तिथूनच आलेलं. मैत्रीण म्हणाली, ‘मामांनाच विचार, काय लिहिलं तर चालेल.’ आम्हा दोघींपेक्षा शहाणा सल्ला होता तो. डिसेंबरात तो गावी जाऊन आला. मामांनी सांगितलं होतं, खरं आहे तेवढं लिही, मोठं करून लिहू नको. आणि कुणी नाचून दाखव म्हटलं तर नाही म्हण.

मग त्याने स्वतःच एक ओळ लिहिली. ‘काठीच्या होळीत चार वर्षे बुध्या. नवसाचे नियम पाळून. टोप व भोपळ्यांचा साज स्वतः तयार करतो.’ चौदा वर्षांत माझ्या हाताखालून हजारो सीव्ही गेलेत. इतकी चोख ओळ मी वाचली नव्हती.

उरलेले महिने आम्ही प्रॅक्टिस केली, पण वेगळी. मी उत्तरं देणं बंद केलं आणि फक्त प्रश्न विचारले. हेच का शिकायचंय? शेवटचं नाटक कुठलं पाहिलंस, त्यातलं काय नाही आवडलं? ‘लहानपणापासून आवड आहे’ ह्या वाक्यावर बंदी घातली. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणायची परवानगी दिली. दोन स्वगतं बसवली, एक गंभीर, एक विनोदी. मराठीत अडलास तर तिथे थांब, श्वास घे, घाई करू नकोस, एवढंच.

मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळी फोन आला. समोरच्या एका सरांनी ती ओळ वाचून विचारलं होतं, ‘थोडं करून दाखवतोस?’

माझ्या पोटात गोळाच आला. ‘मग?’

‘मी म्हटलं, नाही सर. ते होळीशिवाय करत नाही. पण साज कसा बनवतो ते सांगतो, आणि ढोल वाजवतो.’

मग तो बोलत सुटला म्हणे. भोपळा किती सुकवायचा, कामट्यांचा टोप डोक्यावर कसा तोलायचा, उडी कशी मारली की भोपळे आणि घुंगरू एकाच ठोक्यावर वाजतात, अंधारात शेजारचा दिसत नसताना रांग कशी धरायची. थांब म्हणेपर्यंत बोलला. टीम प्लेअर म्हणजे काय, ते ह्या वेळी त्याने सांगितलं होतं, तो शब्द न वापरता.

यादीत नाव आलं. आता तो दुसऱ्या वर्षाला आहे. सीव्हीचा तक्ता वाढतोय. हॉस्टेलवर राहतो, कॅन्टीनचा चहा गोड लागतो म्हणून कुरकुरतो आणि मला अजून ‘ताई, आता मराठी सुधारली ना?’ असं विचारतो. फेब्रुवारी लागला की तो एक अर्ज लिहितो, होळीच्या सुट्टीचा. ह्या वर्षीचा अर्ज त्याने मला आधी दाखवला. दुरुस्त करायला काहीच नव्हतं.

मी मात्र ऑफिसात एक प्रश्न बदललाय. ‘पाच वर्षांनी कुठे असाल?’ हे विचारणं सोडून दिलं. आता मी विचारते, ‘तुमच्या सीव्हीत न लिहिलेलं असं तुम्हाला काय येतं?’ समोरचा माणूस आधी दचकतो. मग खुर्चीत जरा सैल होऊन बसतो आणि बोलायला लागतो.